‘ई. टी.’ या खेळाची अपकीर्ती : एक ऐतिहासिक पुनर्विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ई. टी. द एक्स्ट्रा-टेरेस्ट्रियल’ हा व्हिडिओ गेम विक्रीस आणला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा त्याच नावाचा चित्रपट त्याच वर्षीच्या जून महिन्यात प्रदर्शित होऊन विलक्षण लोकप्रिय झाला होता, आणि त्याच्या कथेवर खेळ काढण्याचा परवाना अटारीने फार मोठी रक्कम मोजून मिळविला होता. पुढे या खेळाच्या वाट्याला जी अपकीर्ती आली तिला व्हिडिओ गेमच्या इतिहासात तोड नाही. ‘पीसी वर्ल्ड’ या नियतकालिकाने २००६ मध्ये केलेल्या सर्वांत वाईट खेळांच्या यादीत त्यास पहिले स्थान दिले. या एका खेळाने १९८३ चे अरिष्ट ओढवले आणि अमेरिकेतील एक भरभराटीचा उद्योग बुडविला, असे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते.

या मताविरुद्ध अलीकडे एक प्रतिक्रियाही उमटली आहे. खेळ वाईट नव्हता, तो केवळ अवघड होता. त्याची माहितीपुस्तिका कोणी वाचलीच नाही. एवढ्या अल्प अवधीत एवढे काम करणाऱ्याचा गौरवच व्हावयास हवा, असे या पक्षाचे म्हणणे आहे. दोन्ही पक्षांच्या मांडणीत एक समान उणीव दिसते. तीन भिन्न प्रश्न एकत्र मिसळून त्यांचे एकच उत्तर दिले जाते. उद्योगाच्या अरिष्टास हा खेळ कारण झाला काय, हा पहिला प्रश्न आर्थिक इतिहासाचा आहे. खेळ म्हणून त्याची योग्यता काय, हा दुसरा प्रश्न रसग्रहणाचा आहे. तो ज्या परिस्थितीत घडला तीवरून त्याच्या कर्त्याविषयी काय म्हणता येते, हा तिसरा प्रश्न श्रमाच्या इतिहासाचा आहे. या तिहींचा पृथक् विचार केल्याखेरीज या खेळास अधिक आदर मिळावयास हवा काय याचे उत्तर देता येणार नाही.

२. यंत्र, कंपनी आणि परवाना

अटारीचे ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ हे यंत्र सप्टेंबर १९७७ मध्ये बाजारात आले. पुढे ते ‘२६००’ या अंकाने प्रसिद्ध झाले. त्याच्या एक वर्ष आधी, १९७६ मध्ये, वॉर्नर कम्युनिकेशन्स या करमणूक-व्यवसायातील बलाढ्य कंपनीने अटारी सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली होती. यंत्राची घडण स्वस्ताईच्या दृष्टीने केलेली होती. त्याची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट इतकी होती. पडद्यावरील संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याची सोय त्यात नसल्यामुळे आज्ञावलीकारास दूरचित्रवाणीच्या किरणाबरोबर धावत प्रत्येक ओळ त्या त्या क्षणी रचावी लागे, आणि एका ओळीसाठी प्रक्रियकाची केवळ ७६ आवर्तने उपलब्ध असत. स्वतंत्रपणे हलणाऱ्या मुख्य आकृती दोनच होत्या. त्यांच्या जोडीला काही ठिपके आणि एक ढोबळ पार्श्वभूमी एवढीच सामग्री होती. या यंत्राची मूळ कल्पना चेंडूफळीसारख्या साध्या खेळांसाठी होती हे लक्षात घेतले म्हणजे पुढील काळात त्यावर जे रचले गेले त्याचे महत्त्व कळते.

परवान्यावर खेळ काढण्याची प्रथा अटारीत नवी नव्हती. १९७९ मध्ये निघालेला ‘सुपरमॅन’ हा खेळ वॉर्नरच्याच मालकीच्या चित्रकथेवर आधारलेला होता. १९८० मध्ये नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावरील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या गाजलेल्या खेळाचा परवाना घेऊन त्याची घरगुती आवृत्ती काढली गेली, आणि तिच्यामुळे यंत्राची विक्री झपाट्याने वाढली. या यशातून व्यवस्थापनाने जो धडा घेतला तो असा, की लोकांना आधीच परिचित असलेले नाव विकत घ्यावे म्हणजे खेळ आपोआप खपतो. मार्च १९८२ मध्ये आलेली ‘पॅक-मॅन’ची घरगुती आवृत्ती लाखोंच्या संख्येने खपली, पण मूळ खेळाशी तिचे साम्य इतके अल्प होते की ग्राहकांत नाराजी पसरली. खपाचा आकडा व्यवस्थापनाच्या नजरेस आला, नाराजी मात्र आली नाही. ‘ई. टी.’चा जन्म या पार्श्वभूमीवर झाला.

३. पाच आठवडे

वॉर्नरचे प्रमुख स्टीव्ह रॉस यांनी स्पीलबर्ग यांच्याशी बोलणी करून परवाना मिळविला. त्यापोटी २ ते २.५ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले गेले असे सांगितले जाते. अटारीचे अध्यक्ष रे कॅसार यांना ही कल्पना पसंत नव्हती असे त्यांनी पुढे सांगितले. पण निर्णय वरच्या पातळीवर झालेला होता. २७ जुलै १९८२ रोजी कॅसार यांनी हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या तरुण आज्ञावलीकारास दूरध्वनी केला. नाताळापूर्वी माल दुकानांत पोहोचवावयाचा तर आज्ञावली १ सप्टेंबरपर्यंत पूर्ण होणे अवश्य होते. म्हणजे हाती आलेला काळ सुमारे पाच आठवड्यांचा होता. त्या काळी एका खेळास सामान्यतः पाच-सहा महिने लागत.

वॉर्शॉ हा नवशिका नव्हता. १९८१ च्या आरंभी तो अटारीत आला आणि त्याने रचलेला ‘यार्स रिव्हेंज’ हा खेळ १९८२ मध्ये निघून कंपनीच्या उत्तम खेळांत गणला गेला. स्पीलबर्ग यांच्याच ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटावरील खेळही त्यानेच तयार केला होता, आणि त्यावर स्पीलबर्ग संतुष्ट होते. ‘ई. टी.’साठी त्याची निवड झाली ती यामुळेच. वॉर्शॉने नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, स्पीलबर्ग यांनी त्याचा आराखडा पाहून ‘पॅक-मॅन’सारखे काही करता येणार नाही काय असे विचारले होते, परंतु चित्रपटातील भावनेला साजेसे काही नवीन करावे असा त्याचा आग्रह राहिला. चित्रांच्या कामात जेरोम डोमुरॅट यांचे साहाय्य होते; बाकी आराखडा व आज्ञावली हे एका व्यक्तीचे काम होय. ठरलेल्या तारखेस ते पूर्ण झाले. मात्र सामान्य खेळाडूंकडून खेळवून घेऊन दोष हेरण्याची जी पायरी असते, ती वेळेअभावी गाळण्यात आली.

या हकिकतीचा बराचसा भाग वॉर्शॉच्या नंतरच्या मुलाखती आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे आत्मकथन यांवर आधारलेला आहे. प्रसंगानंतर अनेक वर्षांनी, आणि आपल्या कृतीची जगभर चेष्टा झाल्यावर, कर्त्याने दिलेली साक्ष जपूनच वापरावी लागते. तथापि कामाचा प्रारंभ, चित्रपटाचे प्रदर्शन आणि नाताळची विक्री या तारखांची सांगड अशी आहे की, अवधी अतिशय तोकडा होता याविषयी शंका घेण्यास जागा राहत नाही.

४. खेळाची रचना

खेळाडूने ई. टी. या परग्रहवासी जीवास त्याच्या यानापर्यंत पोहोचवावयाचे आहे. खेळातील जग सहा पडद्यांचे असून ते एखाद्या घनाच्या सहा पृष्ठांप्रमाणे परस्परांस जोडलेले आहेत : एक अरण्य, चार खड्ड्यांची मैदाने आणि एक वॉशिंग्टन शहर. दूरध्वनीचे तीन तुकडे खड्ड्यांत दडविलेले असतात. ते गोळा करून योग्य जागेवरून यानास हाक द्यावयाची आणि ठरावीक वेळेच्या आत अरण्यातील उतरण्याच्या जागी पोहोचावयाचे, असा क्रम आहे. ई. टी.ची शक्ती ९,९९९ या अंकापासून सुरू होऊन प्रत्येक हालचालीगणिक घटत जाते. वाटेत विखुरलेल्या ‘रीसेस पीसेस’ या गोळ्या खाल्ल्या म्हणजे ती काही अंशी भरून निघते. एक सरकारी हेर तुकडे हिरावून नेतो, एक शास्त्रज्ञ ई. टी.ला पकडून शहरात नेतो, आणि इलियट हा मुलगा मात्र साहाय्य करतो. पुरेशा गोळ्या जमविल्यास इलियट एक तुकडा आणूनही देतो.

खेळाची किल्ली पडद्याच्या माथ्यावरील पट्टीत आहे. ई. टी. ज्या जागी उभा असेल त्या जागेचे सामर्थ्य तेथे एका चिन्हाने दाखविले जाते : कोठे शेजारच्या पडद्यावर झेप घेता येते, कोठे जवळच्या खड्ड्यात तुकडा आहे किंवा नाही ते कळते, कोठे पाठलाग करणाऱ्यास परतवता येते. ही चिन्हे ज्यास ठाऊक नाहीत त्यास सारा खेळ म्हणजे निर्हेतुक भटकंती वाटते. ज्यास ठाऊक आहेत त्यास तो एक आखीव शोध वाटतो. चिन्हांचा अर्थ माहितीपुस्तिकेत दिलेला होता. शिवाय खेळाचे तीन प्रकार ठेवलेले असून तिसऱ्यात हेर व शास्त्रज्ञ दोघेही नसतात; तेव्हा नवख्यासाठी सोपी वाट ठेवलीच नव्हती असे म्हणता येत नाही.

या रचनेची परंपराही पाहावयास हवी. वॉरन रॉबिनेट यांच्या ‘ॲडव्हेंचर’ (१९८०) या खेळात अनेक दालनांतून वस्तू शोधून योग्य ठिकाणी नेण्याची कल्पना आढळते, आणि तेथेही एक वटवाघूळ खेळाडूच्या वस्तू पळवून नेते. ‘सुपरमॅन’मध्ये विखुरलेले पुलाचे भाग जोडावयाचे होते. वॉर्शॉचाच ‘रेडर्स’ दोन जॉयस्टिकवर खेळावा लागे आणि पुस्तिका वाचल्याशिवाय त्यात एक पाऊलही टाकता येत नसे. ‘ई. टी.’ हा या कुळातील खेळ आहे. त्यात शत्रूचा नाश करावयाचा नाही. मृत्यूच्या जागी इलियट येऊन ई. टी.ला पुन्हा उठवितो. खड्ड्यात सापडलेले कोमेजलेले फूल टवटवीत केल्यास असे जीवदान आणखी एकदा मिळते. चित्रपटातील करुणेचा अंश खेळाच्या नियमांतच उतरविण्याचा हा प्रयत्न १९८२ च्या मानाने खचित लक्षणीय आहे.

परंतु दोष झाकता येत नाहीत. मैदान वरून पाहिल्यासारखे रेखाटले आहे, तर ई. टी.ची आकृती बाजूने. त्यामुळे त्याचे पाय मोकळ्या जमिनीवर दिसत असता डोक्याचा एखादा ठिपका खड्ड्याच्या कडेस लागला तरी तो आत पडतो. वर येण्यासाठी मान उंचावून तरंगत यावे लागते, आणि वर आल्याबरोबर जॉयस्टिक किंचित चुकीकडे गेली की पुन्हा तळ गाठावा लागतो. आकृती व पार्श्वभूमी यांची टक्कर यंत्र स्वतःच नोंदवीत असल्यामुळे आज्ञावलीकाराने तयार सोय वापरली, हे समजण्यासारखे आहे. पण खेळाडूच्या डोळ्यास जे दिसते आणि यंत्र जे मानते त्यांत विसंगती राहिली, हेही खरे. पुढे एका अभ्यासूने मूळ आज्ञावलीत थोडके बदल करून हा दोष दूर केला. सुधारलेला खेळ खेळताना मूळ आराखड्यातील संगती स्पष्ट दिसते. आराखडा सदोष नव्हता, शेवटचा हात फिरविण्याचे राहून गेले, असा निष्कर्ष यावरून निघतो. आणि गाळलेल्या पायरीचे मोल किती होते तेही कळते.

येथे अवघडपणाविषयी एक भेद करणे आवश्यक आहे. खेळाडूने शिकावे, लक्षात ठेवावे आणि प्रावीण्य मिळवावे यासाठी योजिलेला अवघडपणा हा गुण होय. जे डोळ्यास दिसते त्यावर विसंबता न येण्यामुळे उत्पन्न झालेला अवघडपणा हा दोष होय. ‘ई. टी.’मध्ये दोन्ही आहेत. त्याचे निंदक दुसऱ्याकडे बोट दाखवितात, त्याचे कैवारी पहिल्याकडे. आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात.

५. अरिष्टाची कारणमीमांसा

७ डिसेंबर १९८२ रोजी वॉर्नरने जाहीर केले की, सुमारे ५० टक्के वाढीची अपेक्षा असता ती १० ते १५ टक्केच होईल. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या समभागांची किंमत जवळजवळ एक-तृतीयांशाने घसरली. या तारखेकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ‘ई. टी.’ त्या वेळी नुकताच दुकानांत येत होता. त्या व पुढील महिन्यात ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या विक्री-यादीत तो पहिल्या चार खेळांत होता. ज्या वस्तूची विक्री सुरू होऊन काही दिवसच झाले आणि जी अद्याप खपत होती, ती आधीच उघड झालेल्या घसरणीचे कारण असू शकत नाही.

घसरणीची कारणे अन्यत्र होती. ऑक्टोबर १९८१ मध्ये अटारीने वितरकांकडून १९८२ या संपूर्ण वर्षाच्या मागण्या आगाऊ मागविल्या. पूर्वी मालाचा तुटवडा सोसलेल्या वितरकांनी गरजेहून कितीतरी अधिक मागण्या नोंदविल्या, आणि बाजार भरल्याबरोबर त्या रद्द केल्या. कागदावरील मागणीस खरी मागणी समजून उत्पादन केले गेले होते. दुसरीकडे, श्रेय व मोबदला यांविषयी असंतुष्ट होऊन अटारीतून बाहेर पडलेल्या आज्ञावलीकारांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. अटारीने तिच्यावर भरलेला दावा १९८२ मध्ये तडजोडीने मिटला, आणि अटारीच्या यंत्रासाठी कोणीही खेळ काढावा अशी वाट मोकळी झाली. या व्यवसायाचा गंधही नसलेल्या कंपन्या त्यात उतरल्या. ‘क्वेकर ओट्स’ या धान्यपदार्थांच्या कंपनीचा यात समावेश होता. त्यातील पुष्कळ लवकरच बुडाल्या, आणि त्यांचा माल मिळेल त्या किमतीस विकला जाऊ लागला. पाच डॉलरच्या टोपलीतील खेळासमोर तीस-पस्तीस डॉलरचा नवा खेळ टिकेना. याच सुमारास घरगुती संगणकांच्या किमती उतरल्या. ऑगस्ट १९८२ मध्ये आलेल्या कमोडोर ६४ ने आणि त्यानंतरच्या किंमतयुद्धाने ग्राहकांपुढे नवा पर्याय ठेवला.

या प्रवाहात ‘ई. टी.’चा वाटा किती ? सुमारे ४० लाख कार्ट्रिज तयार केली गेली असे सामान्यतः सांगतात. विक्रीचा आकडा १५ लाखांच्या आसपास दिला जातो. कॅसार यांनी मात्र ४० लाखांतून ३५ लाख परत आल्याचे म्हटले आहे. दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. दुकानदारास झालेली विक्री आणि अंतिम ग्राहकास झालेली विक्री यांतील गोंधळ यामागे असावा. कोणताही आकडा घेतला तरी नुकसान मोठे होते. पण पंधरा लाख ही संख्या अपयशी ठरली ती केवळ परवान्याची भारी किंमत आणि उत्पादनाचा अवास्तव अंदाज यांच्यामुळे. एरवी तो चांगला खप मानला गेला असता. १९८३ मध्ये अटारीस सुमारे ५३ कोटी ६० लाख डॉलर तोटा झाला, त्या जुलैत कॅसार पायउतार झाले, आणि जुलै १९८४ मध्ये कंपनीचा ग्राहकोपयोगी विभाग जॅक ट्रॅमिएल यांना विकला गेला. परवान्याचा सर्व खर्च जमेस धरूनही या तोट्याचा अल्प भागच त्या खेळाकडे जातो. तो अरिष्टाचे कारण नसून त्या अरिष्टास जन्म देणाऱ्या व्यवहाराचा ठळक नमुना होता, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

६. अलमोगोर्डोचे उत्खनन

सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्सास राज्यातील एल पासो येथील अटारीच्या कारखान्यातून मालमोटारी भरून साहित्य न्यू मेक्सिकोतील अलमोगोर्डो गावाच्या कचरा-मैदानात पुरण्यात आले आणि त्यावर काँक्रीट ओतले गेले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच महिन्यात ही बातमी दिली होती. पुढे तिचे आख्यायिकेत रूपांतर झाले. लक्षावधी ‘ई. टी.’ वाळवंटात गाडले, एवढाच मजकूर शिल्लक राहिला. काहींनी तर सारी घटनाच कपोलकल्पित ठरविली.

२६ एप्रिल २०१४ रोजी तेथे उत्खनन झाले, आणि त्यात पुरातत्त्वज्ञांचे पथक सहभागी होते. सुमारे १,३०० कार्ट्रिज वर काढली गेली. पुरण्याच्या कामाशी संबंधित असलेल्या अटारीच्या एका माजी अधिकाऱ्याने एकूण संख्या ७,२८,००० असल्याचे सांगितले. मिळालेल्या वस्तूंत ‘ई. टी.’ होता, पण त्याचा वाटा थोडा होता. ‘सेंटिपीड’, ‘मिसाइल कमांड’, ‘डिफेंडर’ असे नावाजलेले व खपलेले खेळही त्याच खड्ड्यात निघाले. अर्थात तेथे एका अपयशी खेळाचे दफन झाले नव्हते, एका कंपनीने आपली गोदामे रिकामी केली होती. लिखित बातमी, मौखिक आख्यायिका आणि भौतिक पुरावा यांची एकमेकांशी पडताळणी करण्याचे इतके स्वच्छ उदाहरण अर्वाचीन इतिहासात क्वचितच मिळते. वर काढलेल्यांपैकी एक कार्ट्रिज पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात दाखल झाले.

७. समारोप

येथवरच्या विवेचनावरून तीन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी येतात. उद्योग बुडविल्याचा आरोप तारखांच्या व आकड्यांच्या कसोटीस उतरत नाही. तो मागे घेतला पाहिजे. खेळ म्हणून ‘ई. टी.’ हा सर्वांत वाईट खचित नाही. त्याचा आराखडा विचारपूर्वक केलेला व काही बाबतींत धीट आहे, पण तो अपुऱ्या अवस्थेत विकला गेला. ज्या मुलांच्या हाती तो नाताळची भेट म्हणून पडला त्यांना पाच आठवड्यांची हकिकत ठाऊक नव्हती आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते; खड्ड्यात पुनःपुन्हा पडून त्यांना जो वैताग आला तो खरा होता. कैवाऱ्यांनी ही साक्ष पुस्तिका न वाचणाऱ्यांची म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. पुस्तिका वाचूनही कडेचा तो ठिपका चुकत नसे.

राहता राहिला तिसरा प्रश्न. परवाना किती रकमेस घ्यावा, अवधी किती द्यावा, चाचणी गाळावी किंवा कसे, प्रती किती काढाव्यात, हे चारही निर्णय आज्ञावलीकाराच्या हाती नव्हते. त्याच्या हाती होती १२८ बाइटची स्मृती आणि पाच आठवडे. तरीही लोकस्मृतीत व्यवस्थापनाचे निर्णय विस्मरणात गेले आणि कृती व कर्ता यांची नावे तेवढी उरली. काम हाती घेण्याचे वॉर्शॉने स्वतः कबूल केले होते आणि सोपा नमुना नाकारून महत्त्वाकांक्षी आराखडा निवडला होता, ही जबाबदारी त्याची. त्याहून अधिक नव्हे.

म्हणून या खेळास अधिक आदर द्यावयाचा तो स्तुतीच्या रूपाने देण्याची गरज नाही. तो पूर्ण वाचावा, त्याच्या नियमांसह व दोषांसह तपासावा आणि त्याच्या माथी मारलेला परका भार उतरवून ठेवावा, एवढेच न्याय्य ठरेल. उद्योगाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांपुढे याहून मोठे काम पडून आहे. वितरकांच्या आगाऊ मागण्या, परत आलेल्या मालाचे हिशेब आणि १९८२-८३ मधील किमतींची पडझड यांचा एकत्रित अभ्यास झाल्यास अरिष्टाचा खरा इतिहास लिहिता येईल. आणि त्या इतिहासात ‘ई. टी.’ला एक प्रकरण नव्हे, फार तर एक परिच्छेद मिळेल.